परदेशात राहून इंग्रजी रेडिओ कसा शोधायचा

इंग्रजी रेडिओ हवा म्हणजे नक्की काय हवं, हे आधी ठरवलं तर अर्धी शोधाशोध वाचते. ताज्या बातम्या हव्यात, की घरात एकटं असताना कोणीतरी बोलत असल्याची सोबत हवी? सामन्याचं धावतं समालोचन हवं, की कान इंग्रजीला सरावावा म्हणून ऐकायचंय? चारही गरजा एकाच स्टेशनवर भागत नाहीत. बहुतेक लोक एखादं ॲप घेतात, त्यातली पहिली दहा स्टेशनं चाळतात आणि ‘काही खास नाही’ म्हणून सोडून देतात. दोष स्टेशनांचा नसतो. काय शोधतोय हेच ठरलेलं नसतं.

शिवाय एकाच ॲपच्या भरवशावर राहू नका. ॲप बंद पडतात, त्यांच्या याद्या बदलतात, काल वाजणारं स्टेशन आज ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ म्हणतं. आपल्या आवडीच्या सात-आठ स्टेशनांच्या लिंक आपल्याच वहीत किंवा फाइलमध्ये असल्या तर असल्या गोष्टींचा त्रास होत नाही. खालच्या पायऱ्या त्या यादीपर्यंत नेणाऱ्या आहेत.

पहिली पायरी: तिथल्याच हवेत काय आहे ते बघा

इंटरनेटकडे धावण्याआधी साध्या रेडिओवर एफएमची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा सावकाश फिरवा. इंग्रजी न बोलणाऱ्या देशांच्या मोठ्या शहरांतही परदेशी रहिवाशांसाठी चालणारी स्टेशनं बऱ्याचदा असतात, आणि ती शेजाऱ्यालाही ठाऊक नसतात. तैवानमध्ये १९७९पासून आयसीआरटी हे इंग्रजी स्टेशन आहे. अमेरिकी सैन्य गेल्यावर त्याचं रेडिओ केंद्र बंद होणार होतं, त्याच्या जागी ते उभं राहिलं. हाँगकाँगमध्ये सरकारी आरटीएचकेचं रेडिओ ३ इंग्रजीत चालतं. दुबईत १०३.८वर दुबई आय, मोनॅकोत रिव्हिएरा रेडिओ, स्वित्झर्लंडमध्ये डॅब प्लस या डिजिटल रेडिओवर वर्ल्ड रेडिओ स्वित्झर्लंड. सिंगापूरला बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस थेट ८८.९ एफएमवर ऐकू येते. जपान, दक्षिण कोरिया आणि जर्मनीत अमेरिकी सैनिकांसाठीचं एएफएन तळाच्या कुंपणाबाहेरही सहज ऐकू येतं. टोकियोच्या परिसरात ते मध्यम लहरींवर ८१० किलोहर्ट्झला असतं.

स्थानिक इंग्रजी स्टेशनचा एक फायदा बाहेरच्या कुठल्याही प्रसारकाकडून मिळत नाही: उद्या रेल्वेचा संप आहे, वादळ येतंय, व्हिसाचा नियम बदलला, हे तुम्हाला कळेल अशा भाषेत कळतं. संगीताची निवड कंटाळवाणी असली तरी सकाळचा अर्धा तास तिथेच घालवावा असं माझं मत आहे.

इथे रेडिओ संचाची एक गोम लक्षात ठेवा. बहुतेक जगात एफएमची पट्टी ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ असते, पण जपानमध्ये ती ७६पासून सुरू होते आणि ९५ला संपते. तिथला जुना संच दुसऱ्या देशात नेला तर वरचा मोठा भाग त्याला दिसतच नाही. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत मध्यम लहरींवरची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, बाकी जगात ९च्या. डिजिटल संच अमेरिकी सेटिंगवर असेल तर तो ५६०वरून थेट ५७०वर उडी मारतो आणि मधलं ५६७ कधीच लागत नाही. संच बिघडला म्हणून टाकून देण्याआधी मेनूत जाऊन हे अंतर बदलून बघा.

डॅब प्लस असलेल्या देशात साधा एफएम संच घेणं आता धोक्याचं आहे. नॉर्वेने २०१७मध्ये राष्ट्रीय स्टेशनांचं एफएम बंद केलं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने २०२४च्या अखेरीस तेच केलं. अमेरिकेत मात्र डॅब चालत नाही. म्हणजे संच घ्यायचा तो तिथे पोचल्यावर, आधी नाही.

दुसरी पायरी: यादीकडे नको, मूळ प्रसारकाकडे जा

नेटवर इंग्रजी स्टेशनं हजारोंनी आहेत. सुरुवात सार्वजनिक प्रसारकांपासून करा, कारण त्यांची बोलकी स्टेशनं सहसा जगभर खुली असतात आणि जाहिरातींचा भडिमार नसतो.

बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस डिसेंबर १९३२मध्ये ‘एम्पायर सर्व्हिस’ म्हणून सुरू झाली. परदेशातल्या श्रोत्यासाठीच तिचा जन्म, त्यामुळे तिथे कुठलीही बातमी ‘तुम्हाला माहीतच आहे’ असं गृहीत धरून सांगत नाहीत. बीबीसीचंच रेडिओ ४ याच्या उलट: ते ब्रिटनमधल्या श्रोत्याशी बोलतं, पण नाटकं, माहितीपट आणि चर्चा यांत त्याला तोड नाही. बीबीसी साउंड्स हे ॲप जुलै २०२५मध्ये ब्रिटनबाहेरच्या श्रोत्यांसाठी बंद झालं. ही दोन स्टेशनं आता बीबीसीच्या मुख्य संकेतस्थळावर आणि बीबीसीच्या सर्वसाधारण ॲपवर ऐकायची. जुने मार्गदर्शक लेख अजून साउंड्सच घ्यायला सांगतात. तिकडे वेळ घालवू नका.

अमेरिकेत एनपीआर हे एकच स्टेशन नाही, ती कार्यक्रम पुरवणारी संस्था आहे. ऐकायची असतात तिची सभासद स्टेशनं: न्यूयॉर्कचं डब्ल्यूएनवायसी, बॉस्टनचं डब्ल्यूबीयूआर, सॅन फ्रान्सिस्कोचं केक्यूईडी. सकाळ-संध्याकाळचे मोठे बातमी कार्यक्रम या सगळ्यांवर तेच असतात, पण मधल्या वेळात प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कॅनडाचं सीबीसी रेडिओ वन, आयर्लंडचं आरटीई रेडिओ १, ऑस्ट्रेलियाचं एबीसी रेडिओ नॅशनल आणि न्यूझीलंडचं आरएनझेड नॅशनल हीही अशीच विश्वासाची. त्यांतल्या आरएनझेडला फारच कमी लोक ओळखतात. त्यांच्या निवेदकांचं संथ, खेळकर बोलणं दिवसभर कानाला जड होत नाही, म्हणून सोबतीसाठी मी त्याला वरचा नंबर देईन.

मग येतात इंग्रजी ज्यांची भाषा नाही अशा देशांच्या इंग्रजी सेवा: जपानचं एनएचके वर्ल्ड, कोरियाचं केबीएस वर्ल्ड, रेडिओ रोमेनिया इंटरनॅशनल, रेडिओ तैवान इंटरनॅशनल, फ्रान्सचं आरएफआय. ज्या देशात राहताय त्याचीच अशी सेवा असेल तर ती आधी लावा. तिथलं राजकारण समजायला याहून सोपी वाट नाही. मात्र यातल्या बऱ्याच सेवा सरकारी पैशावर चालतात, तेव्हा कोणाचा आवाज ऐकतोय याचं भान ठेवायचं. शिवाय सरकारी पैसा कधी आटेल ते सांगता येत नाही. १९४२पासून चालत आलेल्या व्हॉइस ऑफ अमेरिकेची प्रसारणं मार्च २०२५मध्ये अचानक थांबली आणि बहुतेक कर्मचाऱ्यांना रजेवर पाठवण्यात आलं.

इंग्रजी अजून पक्की नसेल तर सोप्या इंग्रजीतले कार्यक्रम शोधा. ही कल्पना व्हॉइस ऑफ अमेरिकेने १९५९मध्ये रुळवली: सुमारे दीड हजार शब्दांचा साठा, छोटी वाक्यं आणि सावकाश वाचन. बीबीसीचंही इंग्रजी शिकवणारं वेगळं खातं आहे. पण तिथे फार काळ मुक्काम करू नये. कानाला खऱ्या वेगाची सवय खऱ्या वेगानेच होते.

तिसरी पायरी: घड्याळ आपल्या बाजूला वळवा

परदेशातल्या श्रोत्याला अडचण स्टेशनांच्या कमतरतेची नसते, वेळेची असते. संध्याकाळी कामावरून आलात आणि लंडनचं स्टेशन लावलंत, तर तिथे कदाचित भर दुपार असेल आणि कार्यक्रम सुस्त असतील. रेडिओ सगळ्यात चांगला वाजतो तो सकाळी. तेव्हा जगात आत्ता सकाळ कुठे आहे ते बघा आणि तिथलं स्टेशन लावा.

हिवाळ्यातला हिशोब घ्या. टोकियोत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे सहा असतात. डब्ल्यूएनवायसीवर ताज्या दमाचा सकाळचा कार्यक्रम चालू असतो. बर्लिनमध्ये डिसेंबरात रात्री नऊला सिडनीत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात वाजलेले असतात, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा एबीसी. लंडनची सकाळ सिंगापूरला दुपारच्या जेवणानंतर येते. एकदा हा तक्ता कागदावर मांडून ठेवला की दिवसाच्या कुठल्याही तासाला कुठेतरी जागं, तरतरीत स्टेशन मिळतं.

झोप न येणाऱ्यांसाठी उलटा हिशोब. रात्री एकनंतर रेडिओ ४ स्वतःचे कार्यक्रम थांबवून वर्ल्ड सर्व्हिस जोडतं. अमेरिकेतली अनेक सार्वजनिक स्टेशनंही रात्री बीबीसीच लावतात. म्हणून तीन वेगळी स्टेशनं फिरवूनही तोच आवाज ऐकू आला तर चक्रावून जाऊ नका.

वर्षातून दोनदा हा तक्ता बिघडतो. युरोप घड्याळ बदलतो मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. अमेरिका बदलते मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या काळात, मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा, दोघांतलं अंतर एक तासाने सरकलेलं असतं. दक्षिण गोलार्धात तर घड्याळ उलट्या दिशेने फिरतं, आणि जपान, सिंगापूरसारखे देश ते हलवतच नाहीत. तक्ता जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत लिहिला तर आपलं घड्याळ बदललं तरी त्याला धक्का लागत नाही.

चौथी पायरी: लिंक हातात घ्या

आता यादी. रेडिओ गार्डन नावाचं संकेतस्थळ २०१६पासून आहे. पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, तिथलं स्टेशन वाजतं. नवं काही सापडायला ते झकास आहे. ट्यूनइनची यादी मोठी आहे. पण दोघांचीही ब्रिटनमधली गत बघा. संगीत कंपन्यांच्या दाव्यात २०१९मध्ये ट्यूनइनच्या विरोधात निकाल लागला आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या श्रोत्यांना तिथे परदेशी स्टेशनं मिळेनाशी झाली. रेडिओ गार्डननेही २०२२पासून ब्रिटनमध्ये फक्त ब्रिटिश स्टेशनं ठेवली. स्टेशनं मात्र आपापल्या संकेतस्थळांवर वाजतच होती. बंद झाला तो मधला दलाल.

म्हणून आवडलेल्या स्टेशनची स्ट्रीम-लिंक, म्हणजे नेटवर त्याचा आवाज थेट जिथून येतो तो पत्ता, मिळवा. काही प्रसारक ती आपल्या मदतीच्या पानावरच देतात. नाहीतर ‘रेडिओ-ब्राउझर’ ही स्वयंसेवकांनी चालवलेली खुली यादी आहे. तिथे स्टेशनच्या नावासमोर लिंकही असते. ती कॉपी करा. संगणकावर व्हीएलसी हा मोफत प्लेअर उघडा, ‘मीडिया’ या मेनूत ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’ निवडा, लिंक चिकटवा आणि ‘प्ले’ दाबा. दोन-चार सेकंदांत आवाज आला की लिंक खरी. मग साध्या नोटपॅडमध्ये एका ओळीवर एक अशा सगळ्या लिंक लिहा आणि फाइलच्या नावाला शेवटी एम-थ्री-यू हा विस्तार द्या. ही फाइल व्हीएलसीत उघडली की तुमची सगळी स्टेशनं एकाखाली एक उभी राहतात. तीच फाइल फोनवरच्या व्हीएलसीतही चालते. ना खातं उघडावं लागतं, ना मध्येच कोणाची जाहिरात.

स्वतंत्र इंटरनेट रेडिओ संच घेणार असाल तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: मी स्वतःची लिंक यात घालू शकतो का? हे संच स्टेशनांची यादी कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवरून आणतात. रेसिव्हा नावाची अशी सेवा २०२१मध्ये बंद झाली आणि तिच्यावर चालणारे धडधाकट संच एका दिवसात मुके झाले. लिंक घालता येत नसेल तर निदान ब्लूटूथ तरी हवं, म्हणजे फोनवरून आवाज पाठवता येईल.

डेटाचा हिशोब सोपा आहे. १२८ केबीपीएसची स्ट्रीम तासाला सुमारे ५८ एमबी खाते, ४८ची साधारण २२, आणि ३२०ची १४४. रोज तीन तास १२८वर ऐकलंत तर महिन्याला पाच जीबीच्या थोडं वर. नुसत्या बोलण्यासाठी ४८ पुरते. मोबाइल डेटावर तीच निवडा.

आणखी एक गंमत: नेटवरचा आवाज हवेतल्या आवाजाच्या मागे असतो, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. तासाला वाजणाऱ्या बीबीसीच्या टिकटिकीवर घड्याळ लावायला जाऊ नका.

पाचवी पायरी: कुलूप लागलेली स्टेशनं

‘तुमच्या भागात उपलब्ध नाही’ हा संदेश मुख्यतः दोन ठिकाणी येतो: संगीत आणि खेळ. व्यावसायिक संगीत स्टेशनांचे गाण्यांचे परवाने देशापुरते असतात. सामन्यांच्या समालोचनाचे हक्क तर देशोदेशी वेगवेगळ्या कंपन्यांना विकलेले असतात, त्यामुळे दिवसभर खुलं असलेलं स्टेशनही सामना सुरू झाला की गप्प होतं किंवा भलताच कार्यक्रम लावतं. तिथे मूळ स्टेशनशी झगडण्यापेक्षा तुम्ही राहता त्या देशात समालोचनाचे हक्क कोणाकडे आहेत ते शोधा. अनेक स्पर्धांचे आयोजक आणि क्लब स्वतःच्या ॲपवर आवाजाचं समालोचन देतात.

व्हीपीएनचं, म्हणजे तुम्ही दुसऱ्याच देशात आहात असं भासवणाऱ्या सेवेचं नाव इथे निघतंच. काही देशांत त्याच्या वापरावर कायद्याने बंधनं आहेत आणि प्रसारकांच्या अटीही वेगवेगळ्या आहेत; तुमच्या देशात काय चालतं ते आधी बघा. बोलक्या सार्वजनिक स्टेशनांसाठी त्याची गरज क्वचितच पडते. थेट प्रसारण बंद असलं तरी तोच कार्यक्रम बऱ्याचदा पॉडकास्ट म्हणून खुला असतो, फक्त त्यातली गाणी कापलेली असतात.

सहावी पायरी: नेट नसेल तेव्हाची शॉर्टवेव्ह

हे जुनं तंत्र म्हणून सोडून देऊ नका. समुद्रावर, डोंगरात, नेट बंद केलेल्या शहरात किंवा वीज गेलेली असताना बॅटरीवरचा शॉर्टवेव्ह संच एवढंच साधन उरतं. या लहरी वातावरणाच्या वरच्या आयनांबरावर आपटून परत जमिनीकडे वळतात, म्हणून हजारो किलोमीटर जातात.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. बीबीसीने २००१मध्येच उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाकडे केलेलं शॉर्टवेव्ह प्रसारण थांबवलं. एबीसीने २०१७च्या जानेवारीअखेर आपलं बंद केलं. आफ्रिका आणि आशियाचा मोठा भाग यांच्याकडे बीबीसी अजून रोख ठेवून आहे, आणि पॅसिफिक बेटांसाठी आरएनझेड पॅसिफिक आहे.

संच लावायचा तो दिवसाची वेळ बघून. उन्हात वरचे बॅन्ड, म्हणजे लहरींचे पट्टे, चालतात: १९ मीटर म्हणजे १५१०० किलोहर्ट्झच्या पुढे, आणि १६ मीटर म्हणजे १७५०० किलोहर्ट्झच्या आसपास. अंधार पडला की ४९ आणि ४१ मीटर, म्हणजे ६००० आणि ७३०० किलोहर्ट्झच्या आसपास. मधले ३१ आणि २५ मीटर दोन्ही वेळी काही ना काही देतात. कुठल्याच बॅन्डवर काही न मिळणारे दिवसही येतात. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रावर हे सगळं हेलकावत असतं.

पहिला प्रयत्न संध्याकाळी, खिडकीजवळ, बॅटरीवर करा. फक्त घरघर ऐकू आली तर ती बहुधा तुमच्याच घरातून येतेय. संच चालू ठेवून फोनचा चार्जर सॉकेटमधून काढा, मग एलईडी दिवा बंद करा, मग राउटर, मग टीव्हीचा प्लग. एखादी वस्तू अशी निघते की ती बंद होताच घरघर खाडकन खाली बसते आणि मागे दबलेला माणसाचा आवाज वर येतो. एवढ्याने भागलं नाही तर पाच-दहा मीटर बारीक तार घ्या, टोकाचं प्लास्टिक सोलून चिमट्याने संचाच्या एरियलच्या दांडीला लावा आणि दुसरं टोक खिडकीबाहेर सोडा. विजा चमकायला लागल्या की तार काढून घ्यायची. काँक्रीटच्या इमारतीत आतल्या खोलीत बसून दांडी कितीही फिरवली तरी फार फरक पडत नाही. खिडकीजवळ जागा बदलली की पडतो.

संच घेण्यापूर्वी शॉर्टवेव्हची चव बघायची असेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर उघडा. २००८मध्ये सुरू झालेला हा खराखुरा रेडिओ आहे. एरियल तिकडे, काटा तुमच्या ब्राउझरमध्ये. एकाच वेळी शेकडो लोक वेगवेगळी स्टेशनं ऐकू शकतात. किवीएसडीआर या नावाने असेच लहान संच जगभर विखुरलेले आहेत. तुमच्या गावाजवळचा एखादा निवडलात तर तुमच्या छपरावर काय येऊ शकतं याचा अंदाज फुकटात मिळतो.

कुठलं स्टेशन कधी, कुठल्या लहरीवर आहे यासाठी ‘शॉर्ट-वेव्ह डॉट इन्फो’ किंवा ईआयबीआयची मोफत यादी बघा. सगळ्या वेळा यूटीसीत असतात. ही वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या सोमवारी नेहमीच्या जागी शांतता असली तर संच उघडू नका, नवी यादी उतरवून घ्या.